भाकरीची लाज आणि पांच रुपयांची पुडी

(गंगाखेड तालुक्यांतील एका शाळामास्तराकडून)

गेल्या हिवाळ्यांतली गोष्ट. मी ज्या शाळेंत शिकवितों ती गंगाखेडपासून दहाबारा किलोमीटरांवर, डोंगराच्या बाजूला एका खेड्यांत आहे. लहान सुटींत मी व्हरांड्यांतून चाललों असतां चौथींतली एक मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली. रुसली असेल, कोणीं मारलें असेल, असें मला वाटलें. जवळ जाऊन पाहतों तों दप्तर आडवें धरून, त्याच्या आडोशाला ती ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी खात होती. मीं विचारलें, "अग, अशी पाठ करून कां बसलीस?" ती हळूच म्हणाली, "गुरुजी, सारे हासतेत." तिच्या पाठीमागें पांचसहा पोरें रंगीत पुड्या फोडून पिवळीं झालेलीं बोटें चाटीत बसलीं होतीं. त्यांना कोणी हंसत नव्हतें.

त्या मुलीचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली कीं आमच्या तालुक्यांतून टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागल्यावर परततात. घरीं आजी. आजीच्या हातीं रोख पैसा नाहीं, म्हणून ती नातीला भाकर बांधून देते. ज्यांच्या घरीं चार पैसे खेळतात तीं मुलें दहाची नोट घेऊन शाळेंत येतात. म्हणजे वाचकहो, हिशोब असा झाला कीं, भाकर ही गरिबीची खूण आणि पुडी ही बरकतीची खूण! ज्या भाकरीवर आमच्या सात पिढ्या जगल्या, ती नऊ वर्षांच्या पोरीला चोरीच्या मालासारखी लपवून खावी लागते, हें पाहून मला त्या दिवशीं वर्गांत शिकविणें सुचेना.

माझ्या लहानपणीं, म्हणजे पस्तीसएक वर्षांपूर्वीं, खाण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. सकाळीं न्याहारीला रात्रीची शिळी भाकर, तिच्यावर तेल-तिखट नाहींतर ताक. दुपारीं शेतांत फडक्यांत बांधून आलेली भाकर, कोरड्यास आणि कांदा. दिवेलागणीला घरांतलीं माणसें एका जागीं बसून जेवत. मधें भूक लागली तर पोरांना जें हातीं लागेल तें खावें: बोरें, चिंचा, हरभऱ्याचा टहाळ, थंडीच्या दिवसांत हुरडा, नाहींतर मूठभर शेंगा. बाहेरचें खाणें आठवड्यांतून एकदां. बाजाराच्या दिवशीं बाप येतांना कागदाच्या पुडींत शेव-चिवडा किंवा भजीं आणी, आणि तेवढ्यासाठीं आम्ही पोरें वेशीकडे डोळे लावून बसूं.

आतां काय आहे? सकाळीं सातला चहा आणि त्यांत बुडवून बिस्किटें, खारी किंवा टोस्ट. याला कोणी न्याहारी म्हणत नाहीं, पण न्याहारी तीच. दहाला शाळेच्या वाटेवर एक पुडी. दुपारीं शाळेची खिचडी. परंतु पुडीनें भूक मेलेली, म्हणून ती अर्धी ताटांत राहते. पांचला शाळा सुटतांच दुसरी पुडी. मोठीं माणसें संध्याकाळीं फाट्यावर वडापाव, भजीं, समोसा खाऊन घरीं येतात आणि रात्रीं साडेनऊ-दहाला, एका हातांत फोन धरून, जेवल्यासारखें करतात. पूर्वीं बाजार आठ दिवसांनीं यायचा, आतां तो दिवसांतून पांच वेळां दारांत येतो.

हें केवळ आमच्या गांवचें रडगाणें नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०२२-२३ सालीं घरखर्चाची देशभर पाहणी केली. तींत असें निघालें कीं, खेड्यांतला माणूस शंभर रुपये खर्च करतो त्यांतले ४ रुपये ९१ पैसे धान्यावर जातात, आणि ९ रुपये ६२ पैसे चहा-पेयें, फराळ व तयार पदार्थांवर. दुधावर जातात त्याहूनही हे अधिक. १९९९-२००० सालीं हें माप उलटें होतें: धान्यावर बाविसांहून जास्त आणि तयार खाण्यावर सवाचारांच्याही आंत. पुढच्याच, म्हणजे २०२३-२४ च्या पाहणींत तयार खाण्याचा वांटा ९ रुपये ८४ पैशांवर गेला. आतां धान्याचा वांटा घटला त्याचें एक कारण असें कीं, रेशनवर धान्य स्वस्त मिळूं लागलें, पुढें फुकट झालें, आणि लोकांची मिळकतही कांहीं वाढली. तेव्हां यांत सगळें वाईटच आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु धान्यांतून वांचलेला पैसा दूध, डाळ, अंडीं यांकडे किती गेला आणि पुडीवाल्याकडे किती गेला, याचा जाब प्रत्येक घरानें आपल्या चुलीला विचारावा.

शहरांतले कांहीं शहाणे मात्र यावर एवढेंच लिहितात कीं, खेडवळ लोक चटोर झाले, आळशी झाले, जुनें सात्त्विक अन्न त्यांनीं सोडलें. या मंडळींस जुन्या काळाचें फार कौतुक! त्यांनीं आमच्या म्हाताऱ्यांना १९७२ साल विचारावें. त्या दुष्काळांत माझी आजी खडी फोडावयास जात होती. रेशनवर परदेशांतून आलेली तांबडी मिलो मिळे, तिची भाकर थापतां थापतां तुटे. कामावर सुकडी वांटीत. ती स्वतः न खातां आजी पदरांत बांधून पोरांसाठीं घरीं आणी. बरें, सुकाळांत तरी काय होतें? गव्हाची पोळी सणाला आणि पाहुण्याला. ज्यांच्या घरीं वतन होतें, सावकारी होती, भिक्षुकी होती, त्यांच्याकडे रोज पोळी. आमच्याकडे रोज भाकर, आणि तींतही बाईच्या वांट्याला उरेल ती. ताटावरून माणसाची पायरी ओळखूं येई. तेव्हां चार पैसे हातीं येतांच आमच्या लोकांनीं रोज पोळी केली, यांत चटोरपणा नव्हता, मान होता. ज्याला पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलें तो उंबरा ओलांडल्यावर आधीं आपलें ताट बदलतो. हें ज्यांस समजत नाहीं त्यांनीं आम्हांस आहार शिकवूं नये.

दुःख एवढेंच कीं, मानाची ही भूक आमच्याआधीं व्यापाऱ्यानें ओळखली. आमच्या पणजोबांना चहा असाच शिकविला गेला. इंग्रजी अमलांत चहाच्या धंद्यावरील करांतून चालणाऱ्या मंडळानें बाजारांतून, जत्रांतून, गिरण्यांतून लोकांस फुकट चहा पाजून गोडी लावली आणि गरिबाला परवडावी म्हणून एका पैशाची पुडी काढली. शंभर वर्षें होत आलीं, युक्ति तीच आहे. एक पैसा जाऊन पांच रुपये झाले, आणि बाजारांतल्या कपाऐवजीं फोनच्या पडद्यावर गोजिरवाणीं पोरें पुडी फोडून खातांना दिसतात. भाकर खाणारें पोर जाहिरातींत कोणीं पाहिलें आहे काय?

सरकारदरबारींही भाकरीची अवस्था वेगळी नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत रेशनचे भाव लिहिले आहेत: तांदूळ ३ रुपये, गहूं २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो. आमची ज्वारी-बाजरी कायद्याच्या कागदावरही शेवटच्या पायरीवर! आणि दुकानांत तीही क्वचित. माणशीं पांच किलो मिळतें तें मुख्यतः गहूं आणि तांदूळ. २०२३ पासून तें फुकट आहे. फुकटचा गहूं-तांदूळ घरांत असतां विकतची ज्वारी कोण आणील? मी रेशनच्या विरुद्ध नाहीं. रेशन नसतें तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरीं मागें राहणाऱ्या म्हाताऱ्यांचें काय झालें असतें, हें मला ठाऊक आहे. पण ज्या कायद्यांत भरड धान्याचें नांव आहे त्या कायद्यानें तें आमच्या पिशवींत कां पडूं नये?

त्याच २०२३ सालीं जगानें भरड धान्याचें वर्ष पाळलें, आणि दिल्लीच्या अंदाजपत्रकांत ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' ही पदवी मिळाली. धन्य आहे! जोंवर ती कुणब्याच्या फडक्यांत होती तोंवर 'भरड'. शहरच्या दुकानांत रंगीत डब्यांत जाऊन बसली तेव्हां 'श्री'. आमच्या शाळेंतही त्या वर्षीं भरड धान्याचे फलक रंगविले, पोरांनीं गांवांतून घोषणा दिल्या, आणि फेरी संपल्यावर आम्हीं त्यांना खाऊ म्हणून बिस्किटांचे पुडे वांटले. बिस्किटें मीच आणलीं होतीं.

असो. ज्वारी ताटांतून गेली ती आधीं शिवारांतून गेली. गोदाकांठच्या काळ्या रानांत रब्बीला ज्वारी, तिच्यांत करडईचीं तासें, बाजूला हरभरा, असें पीक असे. आज पावसाळ्यांत जिकडे पहावें तिकडे सोयाबीन नाहींतर कापूस. पाणी असेल तेथें ऊंस. याबद्दल शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? ज्वारीला पांखरें राखावीं लागतात, काढायला आणि कणसें मोडायला माणूस मिळत नाहीं. सोयाबीन यंत्रावर घातलें कीं दिवसांत पोत्यांत भरतें आणि रोख पैसा देतें. परंतु ज्वारीबरोबर काय काय गेलें पहा. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला. कडबा विकत घेणें परवडेना म्हणून म्हैस विकली. म्हैस गेली म्हणून ताक गेलें. ताक गेल्यावर शिळी भाकर घशाखालीं उतरेना, म्हणून तिच्या जागीं चहा-बिस्कीट आलें. ज्यांच्या दावणीला जनावर उरलें आहे त्यांचें दूध पहाटेच डेअरीच्या कॅनमध्यें जातें आणि घरच्या पोराला त्याच दुधाच्या पैशांतून बिस्कीट मिळतें. करडई गेली म्हणून घाण्याचें तेल गेलें, आणि घाणा चालविणारा आमचा तेली बंधु मजुरीला लागला. आम्ही तेलबी पिकवून विकतों, आणि तळलेलें खातों तें बहुधा परदेशाहून आलेल्या पामतेलांत. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलांतलें निम्म्याहून अधिक बाहेरून येतें, हें ज्याच्या शेतांत सोयाबीन आहे त्याला कोणीं सांगितलेलें नसतें.

कोणी म्हणेल, मास्तर, हा सगळा बायकांचा आळस आहे. पूर्वींच्या बाया पहाटे उठून दळीत, मग भाकरी थापीत. असें म्हणणाऱ्यास आठवण द्यावीशी वाटते कीं, जनाबाई आमच्या गंगाखेडची. तिला दळूं लागायला प्रत्यक्ष विठ्ठल येई असें आपण मोठ्या भक्तीनें सांगतों; घरांतल्या बाईचें दळण हलकें करायला घरचा पुरुष मात्र कधीं आला नाहीं! जातें गेलें तें फार बरें झालें. पण भाकर अजून बाईच्याच तळहातावर आहे. खुरपणीची गाडी सकाळीं आठला निघते. त्याआधीं तिनें पाणी भरावयाचें, झाडलोट करावयाची, पोरांची तयारी करावयाची, आणि पांचसहा माणसांच्या भाकरी भाजावयाच्या. ती दहाची नोट पोराच्या हातांत ठेवते तेव्हां ती पुडी घेत नसते, अर्धा तास विकत घेत असते. त्या अर्ध्या तासाचा विचार न करतां भाकरीचे गोडवे गाणें हें फुकटचें व्याख्यान होय.

मला स्वतःला भाकर थापतां येते. अध्यापक विद्यालयांत असतांना आम्ही चौघे एका खोलींत राहत होतों. खाणावळीचे पैसे नव्हते, म्हणून दोन वर्षें पाळीपाळीनें भाकरी भाजल्या. लग्न झालें आणि त्याच दिवशीं तो हुन्नर मी विसरलों! गेल्या हिवाळ्यापासून पुन्हां परातीपुढें बसतों. पहिल्या आठवड्याच्या भाकरी नकाशासारख्या झाल्या, कारभारणीनें पोटभर हंसून घेतलें, पण भाकरी सर्वांनीं खाल्ल्या. गांवांत याची चर्चा झाली ती सांगत नाहीं.

आतां पुडीचा हिशोब. सातवीच्या वर्गांत त्रैराशिक चालू होतें. पुस्तकांतलीं उदाहरणें बाजूला ठेवून मीं एका मुलाजवळची पुडी मागून घेतली. किंमत ५ रुपये, वजन १६ ग्रॅम. किलोला किती? पोरांनीं फळ्यावर मांडलें: ३१२ रुपये ५० पैसे. आंत काय, तर मक्याचें व तांदळाचें पीठ, तेल, मीठ आणि मसाला. मग सांगितलें, २०२५-२६ च्या हंगामाला मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये ठरला, म्हणजे किलोला साडेसदतीस. सोयाबीनचा ५,३२८, म्हणजे किलोला सव्वात्रेपन्न. आणि ठरलेला भाव बाजारांत पदरीं पडेलच असें नाहीं. तर मग पुडींतला एक किलो माल घेण्यासाठीं बापाला किती ज्वारी विकावी लागेल? आठ किलोंहून जास्त. वर्ग गप्प झाला. मागच्या बांकावरून एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, त्याच्यात हवाच लई असती." सारे हंसले. हवेचा भाव मात्र कोणाला काढतां आला नाहीं.

दुसरें उदाहरण त्यांनींच घातलें. घरांत दोन मुलें, प्रत्येकाला रोज दोन पुड्या, तर महिन्याला किती? ६०० रुपये. हमीभावानें त्यांत सोळा किलो मालदांडी येते. वर्षाची म्हणाल तर जवळजवळ दोन क्विंटल. शेंगदाणे सव्वाशे रुपये किलो धरले तर एका पुडीच्या पैशांत ४० ग्रॅम येतात, आणि तेवढ्यानें पोराचें पोट दोन तास गप्प बसतें.

पैशाचें सोडा, रक्ताचें काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतल्या सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ६८.९ मुलांच्या अंगांत रक्त कमी निघालें. १५ ते ४९ वयाच्या बायकांत हें प्रमाण शेंकडा ५४.२. दुसरीकडे, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत मधुमेहाचीं माणसें दहा कोटींवर आहेत. 'शुगर' हा पूर्वीं गादीवर बसणाऱ्याचा रोग समजत. आज आमच्या गांवांत जन्मभर औत हांकलेल्या माणसाच्या खिशांत त्याच्या गोळ्या असतात. एकट्या पुडीनें हें झालें असें मी म्हणणार नाहीं. पण मैदा, साखर, मीठ आणि पुन्हां पुन्हां तापविलेलें तेल दिवसांतून चार वेळां पोटांत जाऊं लागलें तर त्याचा जमाखर्च शरीर ठेवतेंच.

आणि गंमत पहा. आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणीं, परभणीच्या कृषी विद्यापीठानें हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ज्वारीचा एक वाण काढला, 'परभणी शक्ती'. २०१८ सालीं तो लागवडीसाठीं बाहेर आला. त्यांत किलोमागें ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे, साध्या ज्वारीहून बरेंच अधिक. ज्यांच्या अंगांत रक्त नाहीं त्यांच्यासाठींच जणूं हें दाणे भरवले! पण आमच्या शिवारांत मला तें पीक अजून दिसलें नाहीं. दुकानाच्या तारेवर मात्र परभणीचें नांव नसलेल्या बारा जातींच्या पुड्या रोज दिसतात. नुसत्या भाकरीनें रक्त वाढतें असा भ्रम कोणीं करून घेऊं नये. सोबत अंबाडी, करडई, शेवगा, जी पालेभाजी बांधावर मिळेल ती हवी, वर लिंबू पिळावें, आणि जेवणाला लागून चहा घेऊं नये. त्यानें अन्नांतलें लोह अंगीं लागत नाहीं.

हें सगळें मनांत घेऊन मी एके दिवशीं तावातावानें शाळेसमोरच्या दुकानावर गेलों. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० सालचा नियम आहे कीं, चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेंत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आंत विकूं नयेत. हें दुकान माझ्या पावलांनीं तीस पावलें. दुकानदार जातीचा सुतार. लांकडी औतें गेलीं, बैलगाड्या गेल्या, बलुतें बुडालें. त्यांत एका पायानें अधू. माझें बोलणें त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला महिन्याला पगार हाय. मला लेकरायच्या या पाच-पाच रुपयावर घर हाय. म्या नाही इकली तर चौकातला इकील."

मीं म्हटलें, फुटाणे ठेवा, शेंगदाणे ठेवा, राजगिऱ्याचे लाडू ठेवा. त्यावर त्यानें जो हिशोब सांगितला तो मला कोणत्या पुस्तकांत मिळाला नसता. पुड्यांची गाडी आठवड्याला दारांत येते. माल उधार टाकते. लडी टांगायला तारेचा सांगाडा फुकट देते. फुटाणे आणायचे तर गंगाखेडला स्वतः जायचें, गाडीभाडें भरायचें, रोख मोजायचें. पावसाळ्यांत नरम पडले तर नुकसान आपलें. एका पुडीमागें त्याला पन्नास-साठ पैसे सुटतात, पण ते न फिरतां सुटतात. "कंपनी माझ्या दारात येती, गुरुजी. आपल्या गावच्या शेंगा मला कोण आणून देतंय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. वरिष्ठांकडे पाठवावयाचा अर्ज मीं लिहून ठेवला होता, तो अजून टेबलाच्या खणांत आहे. नियम माझ्या बाजूचा आहे. परंतु त्याचा पहिला फटका पुडी काढणाऱ्या कारखान्याला न बसतां लंगड्या सुताराला बसावा, हें मनाला पटत नाहीं. आणि रोज दहा वाजतां त्या तारेखालीं पोरांची रांग दिसते, तेंही पटत नाहीं.

शाळेपुरतें एक केलें. शनिवारीं सकाळची शाळा असते. मीं पोरांना सांगितलें, शनिवारीं मी माझी भाकर आणून तुमच्यांत बसणार. ज्याला आणावीशी वाटेल त्यानें आणावी, मात्र पाठ करून कोणीं बसायचें नाहीं. पहिल्या शनिवारीं अडतिसांपैकीं नऊ जणांनीं आणली, त्यांतल्या दोघांच्या फडक्यांत पोळी निघाली! पुढें धपाटे आले, दशम्या आल्या, एका पोरानें कारळाची चटणी आणली ती माझ्यापर्यंत पोंचण्याआधींच संपली. चौथ्या शनिवारीं एकवीस झाले. मग परीक्षा आल्या आणि तें बंद पडलें. भिंतीकडे तोंड करून बसणारी ती मुलगी दुसऱ्याच शनिवारीं गैरहजर होती. आजी आजारी पडली म्हणून तिला आईबापांकडे उसाच्या फडावर नेलें होतें. ती उन्हाळ्यांत परत आली.

शाळेच्या जेवणाविषयीं एक गोष्ट राहिली. पांचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचें जेवण मिळावें असा नियम आहे. २०२३ च्या नोव्हेंबरापासून आठवड्यांतून एक दिवस अंडें, आणि जीं अंडें खात नाहींत त्यांना केळें, असें सुरू झालें. अंड्याच्या दिवशीं आमच्या शाळेंत कोणाच्या ताटांत कांहीं उरत नसे. २०२५ च्या जानेवारींत सरकारनें त्याचा वेगळा पैसा देणें थांबविलें आणि हें काम लोकवर्गणीवर सोपविलें. गांव देवळाच्या कळसाला वर्गणी देतो, भंडाऱ्याला देतो. पोरांच्या अंड्याला अजून दिलेली नाहीं.

तेव्हां १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत मी तीन गोष्टी मांडणार आहें. प्रत्येक घरानें पोरामागें आठवड्याला एका पुडीचे पैसे शाळेच्या अंड्यासाठीं द्यावे. बचतगटाच्या बायांनीं गांवच्याच शेंगा भाजून, हरभऱ्याचे फुटाणे करून समोरच्या दुकानदाराला दारांत आणि उधार द्यावे. न खपलेले परत घ्यावे. आणि ज्याच्याकडे जमीन आहे त्यानें रब्बीला घरापुरती ज्वारी पेरावी, सगळ्यांनीं एकाच बाजूला पेरली तर पांखरें राखायला एकच माणूस पुरेल. दुसऱ्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त धास्ती आहे, कारण उधारीचा भार बायांच्या गटावर पडेल आणि तो गट आधींच कर्जाच्या हप्त्यांत आहे. ज्यांच्या गांवीं असा कांहीं उद्योग कोणीं करून पाहिला असेल, साधला असेल किंवा फसला असेल, त्यांनीं किती माल, किती पैसा व किती दिवस टिकला हें या पत्राकडे लिहून कळवावें. ग्रामसभेच्या आधीं मिळालें तर मी तें वाचून दाखवीन.